अर्थिंगला एक बादली

"फाटून राह्यला," बाबा म्हणाले अन् त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

मी कपाळावर हात मारून घेतला. पहिल्या डॅकवरही ते हेच म्हणाले होते. डॅक म्हणजे कॉम्प्युटरातल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा डबा, आणि हा दुसरा डबा म्हणजे पहिल्याचा बाप! ह्याच्या मोजमापाचे आलेख दाखवून शौकीन लोक इंटरनेटवर एकमेकांच्या उरावर बसतात. तो मी मालेगावात मागवला, घरच्यांची बोलणी खाल्ली, आणि ज्यांच्यासाठी मागवला ते म्हणतात, फाटून राह्यला.

"कुठं फाटला, बाबा?"

"तिथंच, वर जातो तिथं. लेका, माहा आवाज तिथं कधीच फाटत नव्हता."

बाबा गायन पार्टीत गात. एप्रिलात, जयंतीच्या महिन्यात, पार्टीला उसंत नसायची, आज शिरपूर तर उद्या आणखी कुठं. एक गाणं त्यांनी स्वतः बांधलं होतं. त्याच्या शेवटच्या कडव्यात ते वरच्या सा वर जाऊन थांबायचे आणि सारा मांडव उभा राहायचा. हे सगळं त्यांच्याच तोंडून ऐकलेलं, मी तेव्हा पाळण्यात होतो. आता त्यांना दोन ओळी म्हटल्या की धाप लागते. त्या गळ्याची एकच कॅसेट उरली, कामरगावच्या कार्यक्रमाची. ती भरली होती माझ्या मित्राच्या वडिलांनी. त्यांचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. ते वारले, दुकान आता मित्र चालवतो. त्यानेच कॅसेट कॉम्प्युटरात उतरवून दिली. बाबांनी इतक्या वर्षांनी स्वतःचं गाणं ऐकलं आणि त्यांचं तोंड उतरलं. तो सा जसा होता तसा एकदा ऐकायचा, एवढंच त्यांचं मागणं. त्या एका सुराशिवाय त्यांनी आयुष्यात दुसरं काही मिरवलेलं नाही.

आधी फोनवर ऐकलं, तेव्हा मीही म्हटलं, फोनचा दोष असेल. मग पहिला डॅक आला. मग हा. मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो, त्यामुळे 'रेशमी आवाज', 'गरम आवाज' असल्या बोलाच्या कढीवर माझा विश्वास नाही. मोजून पाहू म्हटलं, म्हणजे वादच मिटला. बाबांचं मात्र आधीपासून एकच म्हणणं होतं, "अर्थिंगले पानी टाक." म्हणजे अंगणात विजेची तार जिथं पुरली आहे त्या खड्ड्यात. बल्ब मिणमिणला, फ्रिजने झटका दिला, टीव्हीत मुंग्या आल्या, की त्यांच्याकडे हा एकच इलाज. मांडवात माइक गुणगुणला की लोखंडी सळईच्या बुडाशी लोटा ओतायचा, ही पार्टीतली सवय. मी चिडून म्हणायचो, "बाबा, अर्थिंगनं सूर फाटत नसतो." ते म्हणायचे, "तुले मोठं समजते."

मित्र मोजायचा डबा घेऊन आला. कूलरच्या मोटरमुळे आलेखात कचरा येतो म्हणून मी कूलर बंद केला. एप्रिलची दुपार, तिघंही घामानं निथळत बसलो. आतून बायको ओरडली, "जीव घ्याल कोनाचा, कूलर लावा!" आम्ही एकसुरी शिट्टी दोन्ही डॅकांतून वाजवली. पडद्यावर शिट्टीची एक उंच रेघ उभी राहते, आणि डब्याने पदरची घाण घातली असेल तर तिच्या बाजूला बारीक काड्या दिसतात. पहिल्या डॅकला काड्या होत्या, पण इतक्या खाली की कानाला त्यांचा पत्ता लागू नये. दुसऱ्याला जवळजवळ नाहीच. नुसतं तळाचं गवत.

"अबे मास्तर, हे तं आइन्यावानी साफ आहे," मित्र म्हणाला.

"आणि ही पन्नास हर्ट्झवरची काडी?"

"विजेच्या लाइनीची घूं आहे. अर्थिंग सुकलं असन, उन्हाळा आहे ना. पन हे कोनाच्या बापाले आयकू येनार नाई."

मग त्याने गाणं लावलं आणि हेडफोन कानाला लावला. मी ते आधीच ऐकलं होतं. ह्या डॅकवर पेटीच्या भात्याचा श्वास ऐकू येतो. कोरसमध्ये कुणी खोकतं, तेही येतं. कोरस चोख आहे, ढोलकी चोख आहे. आणि वरच्या सा वर बाबांचा आवाज चिरतो. फोनवर तो नुसता खरखरायचा, इथे तो स्वच्छ, स्पष्ट चिरतो. जितका चांगला डबा, तितकी ती चीर उघडी!

मित्राने हेडफोन काढला. माझ्याकडे पाहिलं.

"फाटला ना?" बाबांनी विचारलं.

"काका, चहा सांगा ना यार," तो म्हणाला. चहा आला तो त्याने उभ्यानेच प्यायला आणि दुकानाचं निमित्त काढून गेला.

मी आलेख आवरत होतो, तर बाबांचं पुन्हा सुरू. "भरनाऱ्यानं चोख भरलं होतं, तो मानूस सोनं होता. तुही मशीनच खराब आहे. आखीन चांगली भेटत नाई का?"

डोकं सणकलं माझं. नाचता येईना अंगण वाकडं, हे अगदी जिभेवर आलं होतं. ते गिळलं, पण लॅपटॉप त्यांच्यापुढे आदळलाच. "हे पाहा! ही मशीन आहे. हिच्यात काही खराब नाही. त्या पहिलीतही नव्हतं. ह्याच्यावरची जगात मिळाली तरी ती हेच ऐकवेल!"

बाबांनी चष्मा नीट केला आणि पडदा पाहिला, बराच वेळ.

"म्हंजे मशीन खरं बोलून राह्यली?"

"हो."

"मंग मीच फाटलो होतो म्हन." मग माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "अन् लोकं उभे राह्यले होते, ते कायले?"

मला राग आला, कुणाचा ते कळेना. त्या डब्याचा, त्या आलेखांचा, बाबांच्या हट्टाचा. मोजमापात इतकं चोख असून करायचं काय? टेपला दोष द्यावा तर ती भरणारा माणूस त्यांचा जिवाभावाचा. कानाला द्यावा तर कोरस त्यांना नीट ऐकू येत होता. मी पडद्यावर खोट शोधू लागलो, खरंच शोधू लागलो, पेपर तपासताना नापास पोरासाठी एखादा मार्क शोधावा तसा. आणि ती पन्नासवरची काडी दिसली.

"थांबा बाबा. ही काडी पाहा. लाइनीची घूं. अर्थिंग सुकलंय."

बाबांचा चेहरा असा काही उजळला! "सांगून तं राह्यलो तुले! कधीचा सांगून राह्यलो! आयकतं कोन?"

ते उठले, न्हाणीतली बादली उचलली आणि धापा टाकत अंगणात गेले. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला पाणी रोज कुठलं? पण तेव्हापासून ते आंघोळीतलं पाणी राखतात आणि रोज संध्याकाळी अर्थिंगच्या खड्ड्यात ओततात. मीठही टाकतात. मग आत येऊन हेडफोन लावतात. मी गाणं सुरू करतो. शेवटच्या कडव्याला ते डोळे मिटतात, ती जागा येते, भुवई किंचित हलते. "आज जराक बरा वाटला," ते म्हणतात, "ओल खालपर्यंत पोचली नाई अजून."

परवा ते झोपलेले असताना मी पुन्हा मोजून पाहिलं. ओल पोचली आहे. ती काडी पार गेली, आलेखात आता नखाएवढीही खोट उरलेली नाही. बाबांना मी हे सांगितलेलं नाही.