दोरा नसलेला पाय

कुरकुंभच्या कारखान्यात टाकीची शिडी उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या मी उडी मारूनच सोडायचो. एकदा त्या तीन निघाल्या. उजवा घोटा वांग्याएवढा सुजला. प्लास्टर निघाल्यावर आईनं त्याच घोट्याला काळा दोरा बांधला. माझ्या उडीला कुणाची तरी नजर लागली, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

साहेबांनी बजावलं, फिटनेस सर्टिफिकेट आणलंस तर शिडी, नाहीतर गेटवर बसून गाड्यांचे नंबर लिही. गेटवरच्या माणसांना "आप्पा, झोप झाली का?" असं विचारत मी आजवर आत जायचो. तिथं बसायचं म्हणजे मरणच.

दौंडच्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी व्यायाम दिला. दुखऱ्या पायावर अर्धा मिनिट उभं राहायचं, मग त्याच पायाची टाच वीसदा उचलायची आणि रोज व्हिडिओ पाठवायचा. पहिल्याच दिवशी मी आधाराला धरलेला पडदा दांडीसकट खाली आला. डाव्या पायावर करून पाहिलं, तर झकास जमलं. माझ्या मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यात डावा पाय उजवा दिसतो, हा शोधही त्याच संध्याकाळी लागला. मॅडमकडून शाबासकी आली. पुढं तीन आठवडे माझा धडधाकट पाय सुधारत राहिला.

सर्टिफिकेटच्या दिवशी रेल्वेतून रिटायर झालेले एक आबा मॅडमच्या दवाखान्यात भिंत धरून टाच उचलत होते. मॅडमनी त्यांना माझा व्हिडिओ दाखवला.

"बघा आबा, काकांची प्रगती."

आबांनी चष्मा कपाळावर नेऊन मोबाईल निरखला, मग माझे पाय.

"पाव्हणं, व्यायामाला दोरा सोडून ठेवता व्हय?"

"आंघोळीला काढतो," मी म्हणालो.

"आन् गाठ तर आवळून बसलीय. कातरीबिगर सुटायची न्हाई ती."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काका, उजव्यावर उभे राहा."

त्यांनी 'एक' म्हणायच्या आत मी आबांच्या गळ्यात होतो.

"डाव्या पायाचं सर्टिफिकेट देऊ का?" मॅडमनी विचारलं.

आता व्हिडिओ आबांना पाठवायचा, असं ठरलंय. काल अकरा सेकंद जमले. आबांचं उत्तर आलं, "दोरा दिसला."

दिवसा गेटवर, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, मी टेबल धरून उजवी टाच उचलतो. शिफ्टची पोरं आत जाताना विचारतात, "आप्पा, झोप झाली का?"

उत्तर दिलं, तर मोजणी चुकते.