नांदेड ते लातूर: अवकाश शिबिरातली माझी जागा

बॅग मी आठवडाभर आधीच भरून ठेवली होती. हसू नका. यंदा दिवाळीच्या सुट्टीत नांदेडहून लातूर आणि तिथून पुढे बेंगळुरू असा बेत होता. नेहमीच्या वाचकांना माझी हकिगत माहीत आहे, नव्यांसाठी थोडक्यात सांगते. मी नांदेडला एकटी राहते, अंध मुलांना विज्ञान शिकवते, लहानपणी तापात माझे दोन्ही डोळे गेले, आणि हे सगळं बोलणाऱ्या कॉम्प्युटरवर लिहिते. त्यामुळे "ताई, फोटो का टाकत नाही?" अशी कॉमेंट करणाऱ्यांना आधीच कोपरापासून नमस्कार.

बेंगळुरूजवळ एक संस्था शाळकरी मुलांसाठी अवकाश शिबिर घेते. यंदा पहिल्यांदाच ते दृष्टिहीन मुलांना घ्यायला तयार झाले, आणि नांदेड-लातूरची मिळून सहा मुलं निवडली गेली. सोबत एक डोळस शिक्षक हवा अशी अट होती. ते आमचे शेख सर. मी विचारलं, मुलांची तयारी करून घेणाऱ्या बाईचं काय? उत्तर आलं की अंध व्यक्ती सोबतीला चालणार नाही. झालं! मी फोन लावायला सुरुवात केली. अख्खा पावसाळा भांडले. शेवटी वैतागून त्यांनी एक जागा वाढवून दिली, माझ्या नावाची. तिथे म्हणे एक दालन आहे, त्यातल्या खुर्च्यांमध्ये पट्टा बांधून बसवतात आणि रॉकेट उडताना आतल्या माणसाला बसतात तसे हादरे देतात. आकाशदर्शनाला मला कोणी कितीही प्रेमानं नेलं तरी मी तिथे बाजूला उभी असते आणि लोक "वा, वा" करत असतात. या खुर्चीत तसं होणार नव्हतं. ती खुर्ची मला हवी होती. काहीतरी एवढ्या जीवापाड हवंसं वाटून कित्येक वर्षं झाली होती.

नांदेड-लातूर साध्या एसटीनं चार तास धरून चला. दिव्यांग सवलतीत पाऊण भाडं माफ होतं, कार्ड मात्र हाताशी ठेवा, नाहीतर कंडक्टर सगळ्या बससमोर वकिली करतो. लोह्यापर्यंत बसायला जागा मिळाली तर नशीब. रस्ता आता गुळगुळीत झालाय, त्याचं सगळ्यांना कौतुक आणि माझी पंचाईत. पूर्वी खड्ड्यांवरून मला माळाकोळीचा चढ कळायचा. आता शेजारच्याला विचारावं लागतं. शेख सर नांदेडची मुलं घेऊन आदल्या दिवशीच पुढे गेले होते, माझ्या शेजारी एक आजी होत्या. त्यांनी अहमदपूरपर्यंत माझा हात धरून ठेवला आणि पुन्हा पुन्हा विचारलं, "संगं कुणीच न्हाई का गं माय?" सुरुवातीला मी हसून उत्तर दिलं. नंतर खिडकीकडे तोंड करून बसले. वाटेत उसाच्या मळीचा वास आला, म्हणजे कारखाने सुरू झाले होते. अहमदपूरला चहा बरा मिळतो, भजी मात्र ताजी निघाली तरच घ्या.

लातूरच्या स्टँडवर उतरलं की रिक्षावाला पत्ता विचारत नाही, "नीट का जेईई?" असं विचारतो.

"अंतराळ," मी म्हटलं.

"त्याचा क्लास कोण घ्यायलंय मॅडम?"

"मीच."

तो मला क्लासेसच्या ट्यूशन एरियापर्यंत अदबीनं घेऊन गेला. आमचा मुक्काम तिथल्याच एका हॉस्टेलवर होता. क्लासची मुलं दिवाळीला घरी गेली होती, म्हणून मालकानं दोन मोठ्या खोल्या स्वस्तात दिल्या. एरवी या भागात पाय ठेवायला जागा नसते असं शेख सर सांगत होते. भिंतीवर हात फिरवला तर जिकडेतिकडे चिकटपट्टीनं लावलेले कागद, बहुतेक सूत्रंच. कोणाची तरी पोरं इथे दोन-दोन वर्षं आईबापांशिवाय काढतात, या विचारानं मला उगाच भरून आलं. बाजूच्या मेसमध्ये धपाटे आणि दही मिळतं. जरूर खा.

तयारी जोरात सुरू झाली. जाड पुठ्ठ्यावर साबुदाणा, मूग आणि तीळ चिकटवून आम्ही नक्षत्रं केली. ठळक तारा म्हणजे साबुदाणा, फिका तारा म्हणजे तीळ. परातीत मैदा पसरून वरून खडे टाकले की चंद्रावरची विवरं बोटांना लागत. रॉकेटचे टप्पे कसे गळून पडतात ते कळायला मेसचा तीन पुडांचा डबा कामी आला. कडी सोडायची, खालचा पूड टाकायचा, पुढे जायचं. यात सगळ्यात पुढे रेणुका. ती तेरा वर्षांची, जन्मापासून अंध, लातूरच्या निवासी शाळेत शिकणारी. वडील किल्लारीच्या बाजूला पुनर्वसन झालेल्या एका गावात पत्र्याची शेडं मारायचं काम करतात. रेणुकाचं तोंड मिनिटभर बंद नसायचं.

"मॅडम, टाकलेला पूड कुणाच्या डोक्यात पडला तर?"

"समुद्रात पडतो."

"मग मासे काय म्हणत असतील!"

उरला खुर्चीचा सराव. हॉस्टेलच्या लोखंडी पलंगावर एकाला बसवायचं, बाकीच्यांनी चारी बाजूंनी धरून तो गदागदा हलवायचा, आणि शेख सरांनी उलटे आकडे मोजायचे. पलंगाचे पाय फरशीवर खडखडत, खिडकीची काच थरथरे, पोरं आरडाओरडा करत. मला त्यात इतकी मजा येत होती की मीसुद्धा एक कोपरा धरून हलवत होते. पलंगावर रेणुका बसली होती.

तेवढ्यात दारात काहीतरी आदळलं आणि एक पुरुष जीव खाऊन ओरडला, "भायेर! भायेर पळा! सगळे भायेर!"

पुढचं फार झरझर झालं. कोणीतरी माझा दंड धरून मला जिन्यावरून खाली ओढत नेलं. माझ्याआधी पोरं गेली होती, रडत, धडपडत. आम्ही सगळे रस्त्यावर उभे. एक रिक्षा हॉर्न वाजवत बाजूनं गेली. ओरडणारे ते रेणुकाचे वडील होते, बालाजी. लेकीसाठी दिवाळीचा फराळ घेऊन आले होते. त्यांनी एकट्यानं सहा पोरं आणि मला बाहेर काढलं होतं. शेख सर हळूच म्हणाले, "बालाजीभाऊ, भूकंप नाही हो. सराव चाललाय. पोरंच हलवत होती."

त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मग ते म्हणाले, "हलवत होती? माझ्या पोरीला? मुद्दाम?" आणि रेणुकाला घेऊन ते तडक गावाकडे निघून गेले. ती रस्त्याच्या टोकापर्यंत रडत होती. फराळाचा डबा दारातच सांडला होता, तो आम्ही नंतर आवरला.

दुसऱ्या दिवशी मी आणि शेख सर गावाला गेलो. लातूरहून औसामार्गे बस आहे, पाटीवर, म्हणजे गावच्या फाट्यावर, उतरून पुढे शेअर रिक्षा. जुनं गाव त्र्याण्णवच्या भूकंपात गेलं, हे नवं सरकारनं बांधून दिलेलं. रस्ते रुंद, सरळ, आणि शेख सर वैतागलेले.

"ताई, सगळी घरं एकाच साच्यातली. आपण मघापासून इथंच फिरून राहिलो."

"आज तुम्हाला माझ्यासारखं झालं," मी म्हटलं. त्या दिवसातलं माझं तेवढंच हसणं.

बालाजींनी आम्हाला सिमेंटच्या घरात नाही, समोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं. घरात सोयाबीनची पोती, आणि माणसं शेडमध्ये, भूकंपापासून असाच तिथला रिवाज. वर पत्रे उन्हानं तडतडत होते. चहा आला. मी खुर्चीबद्दल सांगायला लागले, पट्टा असतो, माणसं शेजारी असतात, बटण दाबलं की थांबतं. त्यांनी ऐकून घेतलं.

"मॅडम, मी सहा वर्साचा होतो," ते म्हणाले. "घराचं मातीचं माळवद आंगावर आलं. वर माणसं चालायलेली मला ऐकू यायचं. मी हाका मारायलो, पण लई येळ त्यांना माझा आवाज गेलाच न्हाई. मला डोळे हायत, तरी कुणीकडं जावं कळंना. हिला तर दिसतबी न्हाई. हालाया लागलं तर कुणीकडं पळावं हिनं?"

"पप्पा, पळायचं नसतंच," रेणुका म्हणाली. "पट्टा बांधलेला असतो."

"तेच तर म्हणायलो मी! बांधून हालवत्यात!"

शेख सरांनी कप खाली ठेवल्याचा आवाज आला. रेणुका उठून वडिलांजवळ गेली असावी, कारण तिचा आवाज आता त्यांच्या बाजूनं आला. "पप्पा, मला जायचंय ओ. मला लई जायचंय." एरवी एवढं बोलणारी पोर याच्यापुढे एक अक्षर बोलली नाही.

मग बालाजी म्हणाले, "मी संगं येतो. आत तिच्या बाजूला बसतो. तसं जमत आसंल तर न्या. न्हाई तर न्हाई."

विचारून सांगते म्हणून मी अंगणात आले आणि बेंगळुरूला फोन लावला. तिकडच्या बाई गोड बोलल्या. आणखी नाव घेता येणार नाही म्हणाल्या. आधी दिलेल्या नावाच्या जागी दुसरं देता येईल, फक्त डोळस शिक्षकाचं नाव सोडून.

म्हणजे माझं.

खरं सांगू? मला रेणुकाचा राग आला. बालाजीचा आला, त्या गोड बाईचा आला. रेणुकाऐवजी दुसरं मूल न्यावं, असंही मनात येऊन गेलं. अख्खा पावसाळा भांडून मिळवलेली एक जागा, आणि जो माणूस पलंग हलला तरी जिना उतरून पळतो त्याला द्यायची! मी नळाजवळ उभी राहिले, तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. आत रेणुकानं एकदा हाक मारली, "मॅडम?" मी आत गेले आणि म्हटलं, "जमतंय म्हणाले. बालाजीराव, कपडे भरा."

पाटीवर बसची वाट बघताना शेख सर म्हणाले, "ताई, ती जागा तुमची होती ना?" मी म्हटलं, "हाव, होती. आणि हे पोरांना कळलं तर तुमची खैर नाही." त्यांनी कबूल केलं आणि शब्द पाळला.

दोन दिवसांनी लातूर स्टेशनवरून दुपारच्या गाडीनं सगळे निघाले. स्टेशन गावापासून लांब आहे, रिक्षा आधी ठरवून ठेवा. मला शाळेचं काम निघालं, असं मी मुलांना सांगितलं होतं. रेणुकानं खिडकीच्या गजातून माझा हात घट्ट धरला आणि गाडी हलली तेव्हा तो सोडवून घ्यावा लागला. गाडी गेल्यावर फलाटावर मी आणि माझी आठवडाभर आधी भरलेली बॅग. एका हमालानं विचारलं, "मॅडम, कुठं जायचंय?"

परतीच्या बसमध्ये शेजारी कोणी बसलंच नाही. जाताना त्या आजींच्या प्रश्नाचा त्रास झाला होता, येताना वाटलं, कोणीतरी विचारावं. नांदेडला घरी आले, कुलूप काढलं, बॅग तशीच कोपऱ्यात ठेवली. माझ्या घरात माझ्याशिवाय कसलाच आवाज नसतो. फ्रिज सुरू झाला की तेवढीच सोबत. मी काही चांगलं काम केलं, असं स्वतःला समजावून बघितलं. थोडा वेळ पटायचं, मग भूक लागायची आणि एकटीसाठी स्वयंपाक करायचा कंटाळा यायचा.

चौथ्या दिवशी शेख सरांच्या फोनवरून रेणुका बोलली. बोलली कसली, तुटून पडली. "मॅडम, लई भारी! आधी खालून गुरगुरतं, मग पाठीत येतं, मग दात वाजायला लागतात! मला पळावंसंच नाही वाटलं!"

"आणि पप्पा?"

"पप्पा आत आलेच नाहीत ओ. छप्पर लई मोठंय म्हणाले, सिमेंटचं. बाहेर झाडाखाली बसून राहिले. मी म्हटलं, तुम्ही तिथंच थांबा, मी येते जाऊन."

"मग तुझ्या बाजूला कोण होतं?"

"कोणीच नाही. माझ्या बाजूची खुर्ची रिकामीच खडखडत होती."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मॅडम, तुम्ही का नाही आलात? शेख सरांना विचारलं तर ते काहीच सांगेनात. आणि सुट्टीत शाळेचं कसलं काम असतं?"

"अगं," मी म्हटलं, "खरं सांगू? मला त्या खुर्चीची भीती वाटली."

मग ती खदखदून हसली आणि फोन तसाच हातात धरून ओरडली, "ए, ऐका रे! मॅडम घाबरल्या! म्हणून नाही आल्या!" मागून सगळी पोरं हसायला लागली. तिला खरंच वाटलं. आता शाळा उघडली की सगळीकडे हेच सांगत सुटेल.

सांगू दे.