अर्ध्या मणाची सायकल

तापीकाठच्या गुजर मावशींनी मला दोन चाकं दिली, हे आधी लिहितो. झालं ते नंतर. झालेलं सांगायला बसलो की तोंड कडू होतं आणि मावशींपर्यंत पोचेस्तोवर ऐकणाऱ्याला वाटतं, ह्या माणसाचं त्या मुलखात कुणी भलं केलंच नाही. केलं. एका बाईनं केलं. नातं नाही, जात एक नाही, बोली एक नाही. मी आमच्याकडच्या सवयीनं त्यांना मावशी म्हणालो आणि त्यांनी ते ठेवून घेतलं.

मी रत्नागिरीकडचा. वडील गेले त्या वर्षी सातवीच्या परीक्षेला बसायचं राहिलं आणि शाळा सुटली ती सुटलीच. काही वर्षं इकडेतिकडे राबल्यावर एका ओळखीनं शहाद्याजवळच्या जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, चिकटलो. कुणी विचारलं, कुठला, तर मी म्हणायचो कोकणातला. मग ते मला नवापूरच्या डोंगरातला कोकणी आदिवासी समजत आणि त्या बोलीत काहीतरी विचारत. मला कळत नसे. मग म्हणत, हा आपली बोली लपवतो. अशा ठिकाणी माणसाला रात्री झोप कशी लागेल? मला तर नोकरी लागल्या दिवसापासून ती जाण्याचीच धास्ती.

काम नमुन्याचं होतं. तापी ओलांडून पलीकडच्या गावांत, कधी थेट रनाळ्यापर्यंत जायचं, कापूस निघालेल्या घरांतून मूठमूठ नमुना पिशवीत घ्यायचा आणि दुपारच्या लिलावाच्या बोलीआधी जिनात आणून द्यायचा. तिथं मालक नि इतर व्यापारी बसत, कापूस बोटांनी ओढून धागा बघत आणि भाव बोलत. नमुना उशिरा आला की बोली दुसऱ्या दिवसावर. तोवर त्या शेतकऱ्याची गाडी दुसऱ्या जिनाच्या फाटकात शिरलेली.

मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "हंगामभर बोलीच्या आधी आलास तर तुला कायम करतो, आवारातली खोली देतो. चुकलास तर कोकणची वाट धर."

कायम. त्या एका शब्दावर मी जगत होतो. खोली मिळाली की आईला आणि धाकट्या बहिणीला आणायचं, एवढंच डोक्यात.

आणि ह्या कामाला मला दिली ती सायकल. कुणा साहेबानं जाताना विकलेली, विलायती, काळी, वरती दोन नळ्यांची. चेनवर पेटीसारखं बंद कव्हर, बापाच्या छातीएवढे मडगार्ड, मागे लोखंडी कॅरिअर, मागच्या चाकाला खाली पडणारा स्टँड, डायनॅमो, पितळी घंटा, आणि स्प्रिंगांची अशी सीट की तिच्यावर नवराबायकोनं बसावं. जिनातल्या हमालांनी एकदा गंमत म्हणून ती कापसाच्या काट्याला टांगली. काटा अर्ध्या मणाच्या पुढे गेला. सरकारी किलो तेव्हा नुकते आले होते, पण सगळ्यांच्या तोंडात मणच.

सपाट रस्त्यावर जड सायकल एवढी जाचत नाही. एकदा चालायला लागली की आपल्या वजनानं पळते. पण माझ्या रस्त्यात तापी होती. मी उतरायचो त्या घाटाला पूल नव्हता. हिवाळ्यात नदी गुडघाभर, पण दोन्ही अंगांना रेतीची लांब पट्टी. रेतीत चाक फिरत नाही, रुततं. सायकल खांद्यावर घ्यावी लागे. पँट गुंडाळून, चपला गळ्यात अडकवून, एका खांद्यावर पिशवी नि दुसऱ्यावर ते लोखंड. नळी मानेच्या हाडावर बसे. जाताना एकदा, येताना एकदा. पलीकडे पोचलो की पुढे सायकल चालवताना हँडल धरवत नसे. पहिल्या दिवसांत दोनदा मी बोली सुरू होता होता पोचलो. मालकांनी नुसतं घड्याळाकडे बघितलं. ते बघणं मला बोलण्याहून वाईट लागलं.

हमालांना मात्र करमणूक. "काय रे कोकण्या, सायकल तुन्हावर बसनी का तू सायकलवर बसना?"

वजन कमी कसं करावं ह्यावर प्रत्येकाकडे सल्ला होता. जिनातला फिटर म्हणाला, भोकं पाड, नळीची चाळणी कर. एकजण म्हणाला, हवा कमी भर. म्हाताऱ्या पहारेकऱ्यानं चिलीम खाली ठेवली नि म्हणाला, "सायकल ऱ्हाऊ दे, तू एक भाकर कमी खाय." मी मनात म्हटलं, बाबा, ती तर आधीच कमी आहे.

मी मालकांना विचारून एकेक गोष्ट काढू लागलो. ते म्हणाले, "काय वाटेल ते काढ, वेळेवर ये." आधी स्टँड गेला. मग चेनचं कव्हर. मग मडगार्ड, ते काढल्यावर आणखी एक फायदा झाला, ओल्या काळ्या मातीचा गोळा चाकात अडकायचा बंद झाला. डायनॅमो, घंटा गेली. सीट बदलून हमालाच्या मोडक्या सायकलीची पातळ सीट घातली. शेवटी कॅरिअर काढलं, आणि ते मला महाग पडलं. त्या भागात रस्त्यानं चालणाऱ्याला सायकलवाल्यानं मागे बसवून घ्यायचं ही रीतच. कुणी विचारत नाही, नुसता हात करतो नि येऊन बसतो. कॅरिअर काढल्यावर लोक हात करून बघत नि खाली पाडत. "बठाडानं नही म्हनीसन काढी टाकं भो त्यानी," कुणाला बसवायला नको म्हणून मुद्दाम काढलं, असं पाठीमागून ऐकू येई. एकदोघे तर तरीही पुढच्या नळीवर चढून बसले. मी त्यांना नाही म्हणालो नाही. परक्या गावात कोण नाही म्हणतो?

एवढं करूनही खांद्यावर घेतली की ती जडच. जड होती ती चाकं. जाड लोखंडी रिम, तिच्यावर जाड टायर. चालवतानाही कळायचं, थांबून पुन्हा निघताना ती चाकं हलायलाच तयार नसत.

सारंगखेड्याच्या अंगाला घाटाच्या वर मावशींचं घर होतं. केळी, ऊस, थोडा कापूस. नवरा नव्हता, शेती त्या आणि सालदार बघत. घरात त्या लोकांची गुजरी बोली, माझ्याशी अहिराणी. मी नदीतून वर येऊन त्यांच्या हौदाशी सायकल टेकवायचो. एके दिवशी त्यांनी तांब्या पुढे केला नि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"लोके सायकलवर बसतस, तू तिले खांदावर बसाडस!"

मी हसलो नाही. मला वाटतं मी रडण्याच्या बेतात होतो. मी त्यांना बोलीचं, कायमचं, आईचं सगळं सांगून टाकलं. का, ते मला माहीत नाही. त्यांनी ऐकलं आणि गोठ्याकडे बोट केलं.

"तठे मन्हा पोऱ्यानी सायकल टांगेल शे. मोडेल शे. चाके चांगला शेतस. लई जाय."

गोठ्याच्या आढ्याला एक शर्यतीची सायकल लटकत होती. खाली वाकलेलं हँडल, पुढचं चाक धरणारा चिमटा मोडलेला. मुलगा बडोद्याला शिकताना घेऊन आला होता, मग तो आफ्रिकेत गेला. मी चाकं खाली घेतली. ॲल्युमिनियमची रिम, बारीक टायर. दोन्ही चाकं मी एका हातात उचलली आणि नुसता बघत राहिलो.

"मावशी, तो आला आणि विचारलं तर?"

"तो काय आते येस नही," त्या म्हणाल्या आणि शेणाची पाटी उचलून निघून गेल्या.

चाकं थोडे वॉशर घालून बसली. एकच अडचण निघाली. जुन्या सायकलीचे ब्रेक लोखंडी सळ्यांचे, त्यांचे रबरी गुटके रिमला आतून लागतात. ह्या रिमची घडण निराळी, गुटक्यांना टेकायला जागाच नाही. म्हणून सळ्या, दांडे, सगळं काढून टाकलं. वजन आणखी उतरलं. थांबायचं ते चपलेनं: उजवा पाय उचलून पुढच्या चाकाच्या टायरवर, चिमट्याच्या मागे, तळवा दाबायचा. माझ्या चपला मोटारीच्या टायरच्या. रबरावर रबर, घट्ट धरायचं. तापीकाठ सपाट, उतार काय तो घाटाचा, आणि तिथं मी उतरूनच चालायचो.

हमालांनी पुन्हा काट्याला टांगली. मालकही बाहेर आले. काटा बघून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "ब्रेक कुठे गेले?" त्यांनीच विचारलं. मी चपलेनं थांबवून दाखवलं. ते मोठ्यानं हसले. त्यानंतर बोलीला मी एकदाही चुकलो नाही. व्यापारी बसायच्या आधी नमुने मांडून मी कोपऱ्यात उभा असायचो. आवारातली खोली झाडून ठेवायला मालकांनी सांगितलं, आणि मी आईला पत्र टाकलं, की तयारीला लाग.

मार्गशीर्षात सारंगखेड्याला यात्रा भरली. घोडे, तंबू, जिलेबीच्या कढया. मी पलीकडून नमुने घेऊन घाट चढलो नि चहाच्या टपरीशी सायकल टेकवली. तिथं मालकांचा भाचा दोस्तांबरोबर उभा. जिनात त्याला सगळे भाऊसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता, सायकलही बरी चालवायचा. यात्रेसाठी नवे बूट घातलेले, चामडी तळव्यांचे, चकाकणारे.

"ही का ती कागदाची सायकल?" त्यानं एका बोटानं उचलून बघितली. "बघू जरा."

"भाऊसाहेब, ब्रेक नाहीत. चपलेनं थांबवावी लागते."

"अरे, आम्ही काय सायकल बघितली नाही?"

"तुमचे बूट सरकतील, भाऊसाहेब."

दोस्त हसले. एकजण म्हणाला, "बुटाची काळजी तुले कसाले? पॉलिश कराले ठेवं का तुले?" आणि भाचा सायकलवर बसला, आणि वळवून थेट घाटाच्या उताराला लागला. हलकी सायकल उतारावर कशी सुटते ते त्याला माहीत नव्हतं. मी ओरडत मागे धावलो. त्यानं पाय उचलून टायरवर ठेवलेला मी पाहिला. बूट सरकला. पुन्हा ठेवला, पुन्हा सरकला. खाली नदीतून वर येणाऱ्या बैलगाड्यांची रांग होती. पहिल्या गाडीच्या जुवावर तो आदळला. बैल बुजले, लोक धावले. त्याचा हात कोपराच्या वर मोडला होता. पुढचं चाक दुमडून करंजीसारखं झालं होतं.

आम्ही त्याला गाडीत घातलं. वेदनेत तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "ब्रेक ह्यानं काढले. ब्रेक ह्यानं काढले."

ते खरंच होतं, म्हणून कुणी त्याच्या पुढचं विचारलं नाही.

जिनात मालकांनी मला आवारात सगळ्यांसमोर उभं केलं. "माझी सायकल. ब्रेक कुणाला विचारून काढलेस?"

"शेठ, तुम्हालाच विचारून... तुमच्यासमोर थांबवून दाखवली होती."

"मी हसलो असेन. मी परवानगी दिली का? पोलिसात देतो तुला."

त्या दिवशी पाठीवर थाप मारताना जे हमाल होते, ते तिथंच होते. एकही बोलला नाही. मी त्यांना दोष देत नाही; त्यांनाही खोल्या होत्या. पण ते खाली बघत उभे होते, हे मी विसरलो नाही.

ती रात्र मला पहारेकऱ्याच्या नजरेखाली आवारातच बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींची कापसाची गाडी जिनाच्या फाटकाशी आली. त्या गाडीवरून उतरल्या, डोक्यावरचा पदर नीट केला आणि सरळ मालकांच्या बैठकीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. बाई माणूस तिथं जात नसे.

"चाके मी देयेल शेतस," त्या म्हणाल्या. "त्या पोऱ्याले कसाले धरी ठेवं? त्यानी सांगं व्हतं ना तुमना भाचाले, ब्रेक नही म्हनीसन? घाटवर सारा गावनी आयकं. पोलिसले बलावनं व्हई तर माले बलावा."

मालकांनी बैठकीतल्या व्यापाऱ्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "घेऊन जा त्याला."

एवढ्यानं माझी पोलिसातून सुटका झाली. नोकरी गेली, खोली गेली, आईला दुसरं पत्र टाकावं लागलं. पण मावशींना जे भोगावं लागलं ते मी डोळ्यांनी बघितलं. त्यांची गाडी फाटकात घेतलीच नाही. आज जागा नाही, उद्या बघू. ती रात्र गाडी बाहेर, उघड्यावर, थंडीचं दव कापसावर. दुसऱ्या दिवशी मालकांनी मूठभर कापूस उचलला नि म्हणाले, ओला आहे, दुय्यम. पांढराशुभ्र कापूस. सालदार चिडून काही बोलणार होता, मावशींनी त्याला हातानं गप्प केलं. गाडी वळवली आणि दुसऱ्या गावच्या जिनात नेली. तिथंही बातमी आधी पोचली होती, त्यांनीही भाव पाडला. सालदार मला म्हणाला, "तुन्हापायी." मावशी म्हणाल्या, "त्याले काय बोलस? बैल हाक."

त्यांनीच मला नंदुरबारला भावाच्या ओळखीच्या सायकलच्या दुकानात लावून दिलं. तिथं मी अजून आहे. चाकं ओवतो, तारा आवळतो. आई गेल्या वर्षी गावाकडेच वारली, ती खोली तिनं कधी बघितली नाही. बहिणीचं लग्न मामानं लावलं. लोक माझ्याकडे अजून जड सायकली घेऊन येतात, म्हणतात हलकी करून दे. मी मडगार्ड काढतो, कव्हर काढतो. ब्रेकला हात लावत नाही.

त्या जिनाच्या फाटकावरून मी अजून गेलेलो नाही. शहाद्याला जायचं झालं तर लोणखेड्याकडून वळसा घालतो. भीती वाटते, खोटं का सांगू? मावशी मात्र दर हंगामात तिथंच गाडी घेऊन जातात असं कळतं. दुसरा जिन लांब पडतो, आणि मालक दर वर्षी काहीतरी खोट काढून त्यांना ताटकळत ठेवतातच. त्यांच्यामागे उभं राहायला घरचं कुणी नाही.

मावशी, मी तुमच्यासाठी काहीच करू शकलो नाही. पण एका हंगामात मी येईन. तुमच्या गाडीशेजारी त्या फाटकात उभा राहीन, आणि त्यांनी कापूस ओला म्हटलं की सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगेन, कोरडा आहे. आज ती हिंमत माझ्यात नाही. ती येईपर्यंत तुम्ही राहा, एवढं करा. तुमचं हे मी फेडीन.