रिफिल नसलेलं पेन

पेन लिहीनाच.

कागदावर घासलं, झटकलं, तळहातावर गिरवून पाहिलं. काही नाही. शेवटी वैतागून पिरगाळून उघडलं, तर आत फक्त स्प्रिंग. रिफिलच नव्हती. बडा घर, पोकळ वासा!

"कामत साहेब," मी जवळजवळ ओरडलेच, "हे पेन आज दिवसभर आपल्याला कितीजणांनी विकलं?"

आम्ही मुंबईच्या हेड ऑफिसात बसलो होतो. मी बोईसर शाखेची मॅनेजर, आणि शाखेसाठी सेल्समन घ्यायचे होते. कामत साहेब आमचे रीजनल मॅनेजर. त्यांचा एक लाडका प्रश्न होता. उमेदवार खुर्चीत टेकला की साहेब खिशातलं पेन काढून त्याच्यापुढे धरायचे आणि म्हणायचे, "हे मला विका." मग टायवाली मुलं सुरू व्हायची. ग्रिप काय, फ्लो काय, बड्या माणसांच्या सह्या काय. एकाने तर शपथेवर सांगितलं की असं मुलायम लिहिणारं पेन त्याने आजवर पाहिलं नाही. त्याला साहेबांनी सगळ्यात जास्त मार्क दिले होते.

आणि सबंध दिवसात एकानेही ते कागदाला टेकवलं नव्हतं. आम्हीही नाही.

साहेब हसले. "सामंत मॅडम, पेन हे नुसतं निमित्त. आपण त्यांचं बोलणं बघतो."

"तेच तर साहेब! आपण नुसतं बोलणंच बघतो!"

मला इतका आनंद झाला की पुढ्यातला चहा तसाच राहिला. वर्षभर जी भानगड मला कळत नव्हती तिचं एक टोक हाताला लागलं होतं.

भानगड अशी. आमची कंपनी टेंपरेचर कंट्रोलर बनवायची. बोईसरला लागूनच असलेल्या तारापूर एमआयडीसीत रंगाचे आणि औषधांचे कारखाने. तिथे रिअ‍ॅक्टर असतात, म्हणजे मोठाले बंद हंडे, त्यात माल शिजतो. उष्णता ठरल्यापेक्षा जास्त झाली तर माल जळतो, कमी झाली तर कच्चा राहतो. पूर्वी एक माणूस काट्याकडे डोळे लावून वाफेचा व्हॉल्व्ह फिरवत बसायचा. आमचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर ते काम आपण होऊन करायचा. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे, तेव्हा हे नवल होतं. हात लावला तर शॉक बसेल म्हणून लांबून बघणारे लोकही होते.

अशा मालाला सेल्समन पण तसाच लागतो. आम्ही घेतलेले सेल्समन सुरुवातीला धडाधड ऑर्डरी आणायचे. मग हळूहळू काही कारखान्यांत जायचंच टाळायचे. मग सगळ्याच कारखान्यांत. मग राजीनामा. एका औषध कंपनीत मी स्वतः गेले तर आमचे दोन्ही कंट्रोलर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेले, आणि खाली ऑपरेटर हाताने व्हॉल्व्ह फिरवतोय. तिथले वर्क्स मॅनेजर मला म्हणाले, "मॅडम, तुमचे सेल्समन म्हणजे लग्नातले फोटोग्राफर. एकदाच दिसतात."

मला तिथेच धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

हेड ऑफिसने आता निर्वाणीचं सांगितलं होतं. दिवाळीपर्यंत शाखा रुळावर आली नाही तर कुलूप. माझी बदली नागपूरला. नवरा पालघरच्या कॉलेजात शिकवायचा, मुलगी सहावीत. आमच्या सर्व्हिस इंजिनिअरने नुकतंच बोईसरला घर घेतलेलं, त्याला तर बदलीसुद्धा मिळणार नव्हती. एवढं सगळं त्या टायवाल्या मुलांच्या भरवशावर.

त्या संध्याकाळी परतीच्या गाडीत मी भराभर विचार करत सुटले. पोकळ वासा एक नव्हता, सगळ्या घरालाच पोकळ वासे होते. जाहिरात कुठे द्यायची? मुंबईच्या इंग्रजी पेपरात. इंटरव्ह्यू कुठे? फोर्टात. कधी? मंगळवारी. आता मंगळवारी फोर्टात कोण येऊ शकतो? ज्याला मंगळवारी दुसरं काम नाही तो! तारापूरच्या कारखान्यात घाम गाळणाऱ्या माणसाला मंगळवारी रजा कोण देणार? आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी. विजेची ओढाताण होती, म्हणून प्रत्येक औद्योगिक वसाहतीला सुट्टीचा वेगळा वार ठरवून दिलेला. हे बोईसरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि आम्ही मंगळवार धरून बसलो होतो.

दुसऱ्याच दिवशी मी साहेबांना ट्रंक कॉल लावला.

"इंटरव्ह्यू बोईसरला घेऊ. शुक्रवारी."

"बोईसरला? अहो, तिथपर्यंत कोण येईल?"

"साहेब, जो इंटरव्ह्यूला बोईसरला येणार नाही तो नोकरीला कसा येईल?"

खरखरीतून आवाज आला, "एकदाच. दोन जागा. आणि मी स्वतः येणार."

मी फोन ठेवून टाळी वाजवली.

या वेळी पेन नाही. ऑफिसच्या टेबलावर विजेची शेगडी, तिच्यावर पाण्याचं पातेलं, शेजारी आमचा कंट्रोलर. कंट्रोलरला एक लांब तार, तिच्या टोकाला सेन्सर. तो पाण्यात बुडवला की मशीनला पाणी किती तापलंय ते कळतं आणि त्याप्रमाणे शेगडी चालू-बंद होते. उमेदवाराने हे मशीन गिऱ्हाइकाला विकायचं.

गिऱ्हाइक म्हणून मी राऊतांना बोलावलं. चिंचणीचे राऊत एका रंगाच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होते. गावच्या नाटकात दरवर्षी राजाची भूमिका त्यांचीच. भरदार मिशा, त्याहून भरदार आवाज.

"मॅडम, गिराईक कसा पायजे? तापट का मुका?"

"तुम्ही रोज असता तसा."

"मंग तापटच!" राऊत खूश होऊन म्हणाले.

जाहिरात या वेळी मराठी पेपरातही दिली होती. शुक्रवारी माणसं आली, आणि चांगली आली. एमआयडीसीतले केमिस्ट, वायरमन, स्टोअरवाले, आणि काही मुंबईचेही. मुंबईकरांतला एक गुप्ते. दादरचा, देखणा, टाय लावलेला. तो बोलायला लागला आणि खोलीच उजळली. मशीन किती इंधन वाचवतं, मालक किती खूश होईल, राऊतांना बढती कशी मिळेल. राऊत तापट राहिलेच नाहीत. मान डोलवत डोलवत म्हणाले, "पाठवून द्या दोन!"

कामत साहेबांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

मी राऊतांना बाहेर गॅलरीत ओढलं. "राऊत, अहो घेतलंत कसं?"

"काय करू मॅडम, पोरगा काय गोड बोलला! आमच्या पोरीसाठी स्थळ म्हणून आला असता तर सुपारी फोडली असती."

त्याच्यानंतर वाणगावचा एक चुरी आला. रंगाच्या कारखान्यात लॅब असिस्टंट. त्याने राऊतांना काहीच विकलं नाही. उलट तुमच्या प्लांटमध्ये सध्या कसं चालतं, कोण बघतं, हेच विचारत बसला आणि मध्येच राऊतांशी वादही घातला. साहेबांनी त्याच्या नावावर काट मारली.

मी हिरमुसले. शेगडी आणली, पातेलं आणलं, शुक्रवार आणला, आणि आमची निवडीची चाळणी जिथे फाटली होती तिथे तशीच. पुन्हा गोड बोलणाराच वर! खालून मागवलेले वडे मी बशीत काढायला घेतले. आणि एकदम ते वर्क्स मॅनेजर डोळ्यांपुढे उभे राहिले. लग्नातला फोटोग्राफर! एकदाच दिसतो!

अहो, इंटरव्ह्यू म्हणजे तरी काय? पहिली भेट. आम्ही वर्षानुवर्षं पहिल्या भेटीतच माणसं पारखत होतो, आणि आमची सगळी मुलं पळत होती ती दुसऱ्या भेटीला! माल बसवून झाल्यावर, तक्रार घेऊन गिऱ्हाइक दारात उभं असताना, जी भेट होते तिला. ती भेट आम्ही कधी बघितलीच नव्हती.

मी ताडकन उठले. सगळ्या उमेदवारांना सांगितलं, "जेवून या. याच गिऱ्हाइकाला पुन्हा भेटायचंय." साहेब म्हणाले, "आता हे काय नवीन?" मी म्हटलं, "साहेब, फक्त बघा." सेन्सर पातेल्यातून काढला आणि टेबलाच्या मागे लोंबकळत सोडून दिला. आता मशीनला खोलीतली हवा लागणार. ते समजणार पाणी थंडच आहे, आणि शेगडी पेटती ठेवणार.

"राऊत, आता मनापासून."

राऊतांनी मिशीवरून हात फिरवला.

गुप्ते आला तेव्हा पातेल्यातून पाणी उसळून टेबलावर सांडत होतं. राऊत गरजले, "ओ साहेब! तुमचा मशीन सांगते पाणी गार हाय, आन् इथं माझा माल उतू चाललाय! सकाळी लय गोड बोलत होतात, आता बोला!"

गुप्त्याचं हसू मावळलं. "तुमच्या ऑपरेटरने काहीतरी चुकीचं केलं असणार," तो म्हणाला. मग, "मी सर्व्हिस डिपार्टमेंटला कळवतो." मग माझ्याकडे वळून हळूच, "मॅडम, मुंबईची पुढची गाडी किती वाजता?" त्याच्यामागून आलेल्या एकाने तर सकाळचंच भाषण पहिल्यापासून म्हणायला घेतलं. राऊत त्याच्या अंगावरच धावून गेले. ती काही भूमिका नव्हती.

मग चुरी. तो आत आला, आधी शेगडीचं बटण बंद केलं आणि राऊतांपुढे खुर्ची सरकवली.

"काका, बसा. पयल्यापासून सांगा."

"काय सांगू? तुमचा मशीन भंगार हाय!"

"असंल. मला नाय माहीत काय झालाय ते. पण कळल्याशिवाय मी इथून जाणार नाय."

राऊत बोलत होते, चुरी ऐकत होता. मग त्याने मशीनचं मागचं झाकण उघडलं. चुकीचं झाकण! आत काहीच नव्हतं. कामत साहेब खुर्चीत चुळबुळले. चुरी म्हणाला, "काका, जरा टेबलाखाली बॅटरीचा उजेड धरता का?" आणि आमचे तापट राजे गुडघे टेकून टेबलाखाली शिरले. क्षणभरात त्यांचाच आवाज आला, "अरे, ही बघ की तार! भायेर लोंबते!"

आपण गिऱ्हाइक आहोत हे ते साफ विसरले होते.

"पण बिघाड तर राऊतांनी शोधला," साहेब माझ्या कानाशी कुजबुजले.

"हो ना साहेब! आणि आता राऊत कोणाच्या बाजूने आहेत ते बघा."

राऊत चुरीच्या पाठीवर थाप मारत होते. साहेबांनी मार्कांचा कागद पुढे ओढला. मग चुरीच्या नावावर मारलेली काट त्यांनी स्वतः खोडली.

दुसरी जागा पुढच्या शुक्रवारी भरली, दोन भेटी घेऊनच. गुप्त्याने आम्हाला आपण होऊन नकार कळवला. पुढे तो फोटोकॉपी मशीन विकून चांगला नावारूपाला आला असं ऐकलं, आणि ते मला पटतं. काही मालाला पहिली भेट पुरते.

चुरीला मी सगळ्यात अवघड ठिकाणी पाठवलं, त्या पिशवीवाल्या कारखान्यात. दिवाळी तोंडावर आली होती. विकायचं काही नाही, नुसतं विचारून ये, म्हटलं. दुपारभर फोन नाही. मी ऑफिसात येरझाऱ्या घालून फरशी झिजवली. संध्याकाळी घंटी वाजली.

"मॅडम, पिशवी निघाली!"

"कोणी काढली? तू?"

"नाय, मी हात नाय लावला. ऑपरेटरनीच काढली."

झालं होतं ते इतकंच. कंट्रोलर बसवताना त्याची धोक्याची घंटी कितीवर वाजावी हे तिथल्या ऑपरेटरांना कोणी विचारलंच नव्हतं. ती उठसूट वाजायची, सुपरवायझर येऊन ऑपरेटरला झापायचा, म्हणून त्यांनी मशीनच बंद करून त्याच्यावर पिशवी बांधली. चुरी कॅन्टीनमध्ये त्यांच्यासोबत चहा प्यायला आणि त्याने विचारलं, "ही पिशवी कशाला हो?" आमच्या इंजिनिअरने जाऊन घंटी नीट लावून दिली. आधी कोणी एवढा एक प्रश्न विचारला असता तर!

त्याच आठवड्यात वर्क्स मॅनेजरचा फोन आला. उरलेल्या रिअ‍ॅक्टरांनाही कंट्रोलर हवे होते. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

दिवाळीनंतर कामत साहेब बोईसरला आले. कुलूप आणलं नव्हतं. चुरीला कायम करायचा कागद मी त्यांच्यापुढे ठेवला. साहेबांनी खिशातून पेन काढलं, टेबलावरच्या वर्तमानपत्राच्या कडेला एक रेघ ओढून बघितली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिहितंय."

मग सही केली.

त्यानंतर मी पुष्कळ माणसं घेतली, काही चुकलीही. पण पहिल्या भेटीत माणूस आवडला की मी आजही एवढंच म्हणते, "छान. आता जेवून या."