गाजरांची जुडी

भोंगेकाकांचं खरं नाव विचारलं तर लोक डोकं खाजवतील. दरवर्षीच्या शेतकी प्रदर्शनात लाउडस्पीकरवर तेच बोलायचे. हरवलेल्या छत्रीपासून पहिल्या नंबरच्या बैलापर्यंत सगळं त्यांच्याच तोंडून जाहीर व्हायचं. गप्प बसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

घरी मात्र काकूंपुढे त्यांचं काही चालत नसे. परसातली गाजरं काकूंची, आणि प्रदर्शनात त्यांच्या जुडीला बक्षीस ठरलेलं. पण यंदा काकूंचे हात थरथरू लागले. डॉक्टर म्हणाले, हे आता वाढतच जाणार. काकूंनी तिथेच ठरवलं, एवढी एक जुडी बांधायची, मग बस्स. मग दिवसभर सुतळी घेऊन सराव. चमचे, पेन्सिली, हाताला लागेल त्याच्या जुड्या. चहा ढवळायला चमचा मिळेना. काका मदतीला सरसावले की त्या कडाडायच्या, "हात लावू नका! नियम तुमचाच आहे ना?"

नियम त्यांचाच होता. पूर्वी एक बडे बागायतदार माळ्याकडून जुड्या बांधून आणायचे नि बक्षिसं लाटायचे. तरुणपणी काकांनी सभेत भांडून ठराव करून घेतला: जुडी ज्याची त्याने परीक्षकांसमोर, घंटा होण्याआधी बांधायची, दुसऱ्याचा हात लागला की बाद. या ठरावाचा त्यांना केवढा अभिमान!

प्रदर्शनाच्या दिवशी काकू टेबलाशी आणि काका दोरीपलीकडे, माईक घेऊन घंटेजवळ; वेळ संपली की घंटा त्यांनीच वाजवायची. बाकीच्यांच्या जुड्या झाल्या. काकूंची सुतळी सुटली, पुन्हा सुटली. वेळ संपत आली तसा काकांनी तोंडाचा पट्टा सुरू केला. प्रदर्शनाचा अख्खा इतिहास! कुणाची भाजी सरस यावरून भांडायला जमलेले चार शेजारी, मग मांडव, मग जनावरं. "पहिला ट्रॅक्टर लोकांनी इथेच पाहिला. चांगलं बियाणं घरोघर गेलं ते इथूनच..." लोक हसत होते आणि काकांचा जीव टांगणीला लागला होता. सांगता सांगता गोष्ट त्या ठरावापाशी आली, आणि त्यांची वाचाच बसली.

परीक्षक बाईंनी घड्याळाकडे बोट दाखवलं. काकूंनी मान वर केली.

"अहो, वाजवा आता. किती बोलाल?"

काकांनी घंटा वाजवली. मग दोरी ओलांडून ते टेबलाशी गेले. गाजरं सगळीकडे पसरली होती. काकूंनी सुतळी त्यांच्यापुढे धरली.

"आता लावा हात."

काकांनी गाजरं गोळा केली, सुतळीचे वेढे घातले. जन्मभर जुड्यांबद्दल बोलले होते, बांधली एकही नव्हती. काकूंनी थरथरतं बोट सुतळीवर दाबून धरलं, तरी काकांना गाठ मारता येईना.