दुभाषी लेक

“तुम्ही मराठी बोलता? मुसलमान ना तुम्ही?” समुपदेशक बाई म्हणाल्या आणि हसल्या. मग म्हणाल्या, “आणि ही कुठली मराठी?”

मी फक्त एवढंच बोलले होते, “बाई, माझी पोर दोन महिने बोलत नाय, धड जेवत नाय. तिला बरी करा.” माझी रत्नागिरीकडची बोली. बाई पुण्याच्या. पोरीच्या शाळेनेच आम्हाला त्यांच्याकडे पाठवलं होतं. आम्ही दवाखान्यात बाहेर बसलो होतो तेव्हा त्या फोनवर घरी कुणाला तरी सांगत होत्या, पोळ्या डब्यात आहेत म्हणून. ते ऐकून माझा जीव भांड्यात पडला होता. सौदीतल्या या हुफूफमध्ये आपली भाषा बोलणारी बाई मिळाली, आता पोरीचं दुखणं नीट सांगता येईल, असं वाटलं होतं.

हसून झाल्यावर बाई इंग्रजीत शिरल्या. माझ्याकडे बघेनात. पंधरा वर्षांच्या सनाला म्हणाल्या, “आस्क युअर मदर.”

सना मला विचारायची, मी सांगायची, सना त्यांना सांगायची. घरात गप्प असणारी पोर तिथे दोघींसाठी बोलत होती. झोपते कुठे? माझ्याजवळ. खोली एकच. तिचा बाप ट्रक घेऊन लांब हफ्र अल बातिनला जातो, आठवड्यात दोन दिवस घरी असतो. जेवते कुठे? माझ्या थाळ्यात. आमच्याकडे सगळे एकाच थाळ्यातून जेवतात. यावर बाईंच्या भुवया वर गेल्या. भराभरा काही लिहिलं. मग सनाला बराच वेळ सांगत राहिल्या. मला इंग्रजी येत नाही. पण ‘मदर’ कळतं. ‘प्रॉब्लेम’ कळतं. दोन्ही शब्द जोडीनेच येत होते.

“काय बोलल्या गो?”

“बोलल्या, तू खूप काळजी घेतेस.”

सनाने हे माझ्याकडे न बघता सांगितलं. खोटं बोलत होती. मला वाचवायला.

तेव्हा माझे डोळे उघडले. हे ती आज पहिल्यांदा करत नव्हती. नऊ वर्षांची होती, तेव्हा माझ्या पोटातलं बाळ गेलं. डॉक्टरीणबाईंनी ते तिला सांगितलं आणि तिने मला. नऊ वर्षांच्या पोरीने. इकाम्याच्या, म्हणजे इथे राहायच्या परवान्याच्या खिडकीवर तीच. तिच्या बापाच्या मालकाचे, कफीलचे मेसेज वाचून दाखवणारी तीच, त्यातल्या शिव्या गिळून. आम्ही कौतुकाने म्हणायचो, पोरगी किती हुशार! हुशार कसली, आम्ही तिला पिळून काढली. बाई हसल्या तेव्हा वाटली नव्हती एवढी लाज मला हे आठवून वाटली. रडू आलं ते स्वतःसाठी नव्हतं.

मी उठले. सनाचा हात धरला.

“ती आता एक शब्द सांगायची नाय. तुमाला मराठी येते. माझ्यात काय खोट हाय ती माझ्या तोंडावर सांगा. पोरीकडून नको.”

बाई लाल झाल्या. आता त्यांना मराठी आठवली. “पालक सहकार्य करत नाहीत, असं मला शाळेला कळवावं लागेल.”

“कळवा. का करत नाय, तेपण लिहा.”

आम्ही बाहेर पडलो. सना आजही फारशी बोलत नाही. बापासकट सगळ्यांना एकत्र बसवून आमच्या भाषेत ऐकून घेणारं कुणी अजून मिळालेलं नाही. मी शोधते आहे.

इकाम्याच्या खिडकीवर आता मी जाते. दवाखान्यातही मीच. मोडकी अरबी, हातवारे. लोक हसतात. हसू देत. कफीलचे मेसेज सनाचा बाप एका दोस्ताकडून वाचून घेतो. सनाने विचारलं नाही, आम्हीही तिला सांगितलं नाही, फक्त तिला बोलावणं बंद केलं.

यापुढे माझा अपमान माझ्याच कानांवर येईल. कळला नाही तर पुन्हा विचारेन, कळेपर्यंत विचारेन, पण माझ्या लेकीला तो उचलून आणायला लावणार नाही.