तपासणीपुरते मास्क

तुर्भ्याच्या एका रंगाच्या कारखान्यात मी सुपरवायझर होतो. फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार म्हटलं की एक सुरक्षा सल्लागार टेम्पोतून हेल्मेट, हातमोजे आणि गॅसचे मास्क भाड्याने द्यायला हजर व्हायचा. अंगात पांढरा सफारी, तोंडात पान. एकेक मास्क स्वतःच्या रुमालाने लाडाने पुसायचा, पण कामगाराला हात लावू द्यायचा नाही. तपासणी संपली की सगळा माल पुढच्या कारखान्यात. कायदे कडक झाले तेव्हा या गृहस्थाने चक्क पेढे वाटले होते.

एका तपासणीच्या सकाळी बाजूच्या गावातल्या एका कामगाराने त्याला विचारलं, "सायेब, हे उद्या पन हितंच हाय का?"

"उद्या इन्स्पेक्टर आहे का?" तो हसला.

त्याच दुपारी इन्स्पेक्टर गेल्यावर तो मास्क टेम्पोत भरत होता, तेवढ्यात आत अ‍ॅसिडच्या टाकीचा व्हॉल्व्ह फुटला. धुरात दोन कामगार अडकले. बाकीचे टेम्पोकडे धावले, तर हा दार अडवून उभा!

"अरे, खराब होतील! उद्या दुसरीकडे द्यायचेत!"

सकाळच्या त्या कामगाराने त्याला बाजूला ढकललं, मास्क चढवला आणि दोघांनाही ओढून बाहेर आणलं.

मग टेम्पोतून उतरवून घेतलेले मास्क कुणी परत दिलेच नाहीत. मालकाने कामगारांचे चेहरे पाहिले आणि निमूटपणे ते विकत घेतले.

आठवड्याने हा सल्लागार शेजारच्या कारखान्याच्या गेटवर तिथल्या मालकाला सांगत होता, "त्यांच्याकडे कायमचे मास्क मीच ठेवायला लावले. माणसाच्या जिवापुढे काय हो!"

मी समोरून येताना दिसलो, तर मलाच हात करून म्हणाला, "हवं तर यांना विचारा."